सत्तावीस बुचं आणि एक तुमडी

माझी नात रेवा परवा नर्मदेच्या धरणावर जाऊन आली. तिथे आता प्लॅस्टिकच्या अरुंद होड्या मिळतात म्हणे, एकट्या माणसाने पाय लांब करून बसायच्या. तिने फोनवर फोटो दाखवला. मॅडम होडीत, हातात मासे धरायचा रॉड, आणि रॉडच्या बुंध्याला निळं जाडजूड काहीतरी.

"आजी, ओळख हे काय आहे."

"रॉडला स्वेटर."

"अगं, पाण्यात पडला तर बुडू नये म्हणून लावतात."

मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. सत्तर वर्षांपूर्वी ह्याच नदीवर मी असाच स्वेटर घेऊन गेले होते, स्वतःच्या हाताने केलेला. तो प्रवास मी कुणाला धड सांगितलेला नाही. जे माझी फजिती मोठ्याने वाचून दाखवतील असे दोघे होते, सासूबाई आणि आमचे हे, ते कधीच गेले. मी नव्वदीला एक कमी आहे. आता लिहायला हरकत नाही.

छत्रीबाग

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. अलिबागेहून लग्न होऊन इंदुरात छत्रीबागेत आल्याला वर्ष झालं होतं आणि मला सगळं येत होतं. पोहणं सोडून. समुद्राकाठच्या पोरी माशासारख्या पोहतात असा इंदूरकरांचा पक्का समज होता. मी तो दूर करण्याच्या फंदात पडले नाही.

मध्यभारताचं राज्य होतं. सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. फायलींच्या पेट्या आगगाडीत चढायच्या, त्यांच्यामागून कारकून, आणि त्या कारकुनांत आमचे हे. म्हणजे माघात घरी आम्ही तिघंच: मी, सासूबाई आणि मामंजी.

मामंजी होळकरांच्या अमदानीत ओव्हरसियर होते. पूल, मोऱ्या, हौद, घाटाच्या पायऱ्या, सगळं टेपाने मोजायचं. बोलणं कमी. विलीनीकरणानंतर निवृत्त झाले आणि आणखी कमी बोलू लागले. त्यांच्या एका इंग्रज इंजिनियर साहेबाने मायदेशी जाताना त्यांना गळाच्या दोन काठ्या दिल्या होत्या. वेताच्या, नऊ नऊ फुटांच्या, तीन तुकड्यांत सुटणाऱ्या, बुंध्याशी दोरा गुंडाळायची पितळेची वजनदार चकरी. मामंजींनी त्यांची नावं ठेवली होती राम आणि लक्ष्मण. दर माघात ते बडवाहला नर्मदेवर जायचे, एका केवटाच्या, म्हणजे नावाड्याच्या, डोंगीत बसून डोहात गळ टाकायचे, चार दिवसांनी उन्हाने तांबडे होऊन परत यायचे.

आदल्या माघात लक्ष्मण बुडाला. डोंगीत आडवा ठेवला होता, केवटाचा बांबू लागला, डुबुक. झालं. पितळेची चकरी, सरळ तळाला.

त्या दिवसापासून मामंजींनी जाणं सोडलं. राम दिवाणखान्यात खुंटीवर. दर रविवारी त्याला जवसाचं तेल. गुडघा तर असा धरू लागला होता की डोंगीत मांडी घालून बसण्याचं हे कदाचित शेवटचंच वर्ष. मी एकदा विचारलं, "मामंजी, ह्या माघात नाही का जायचं?"

ते तेलाचं फडकं फिरवत राहिले. मग म्हणाले, "हाही गेला तर रिकामी पिशवी घेऊन परत यायचं, सूनबाई. त्यापेक्षा खुंटीवर बरा."

आता शहाण्या सुनेने इथे गप्प बसायचं असतं. मी म्हटलं, "आमच्याकडचे कोळी जाळ्याला बोया बांधतात, जाळं बुडत नाही. मी रामाला बोया करून देते. मामंजी, राम बुडणार नाही. बुडाला तर मी माहेरी निघून जाईन."

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दोन्ही गोष्टी एकदम झाल्या तर बरं."

सियागंज

सियागंजात एक हार्डवेअरवाले होते. त्यांच्या दुकानात खिळ्यापासून बैलगाडीच्या धावेपर्यंत सगळं. मी पदर सावरून गेले.

"भिया, बुचं हवीत. बाटल्यांची."

"कित्ते नग, भाभीजी?"

"जितक्यांनी काठी तरेल तितके."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "काठी? काठी तो वैसेइच तैरती है."

"पितळेची चकरी आहे तिला. सेरभर वजन."

"तो चकरी काढून टाका."

मालव्यातला दुकानदार गिऱ्हाईकाला असा प्रेमाने वेड्यात काढतो. मी मान वर करून सत्तावीस बुचं मोजून घेतली. सत्तावीसच का? दुकानात तेवढीच होती. पण घरी मी सांगितलं की हिशोब करून घेतली.

बुचांना मधोमध दाभणाने भोकं पाडली, सुतळीत ओवली, ती माळ बुंध्याला, चकरीच्या खाली, गुंडाळली. वरून ह्यांच्या जुन्या पायजम्याची पट्टी घट्ट शिवली. राम अगदी पाय मोडून घेतलेल्या पेशंटासारखा दिसू लागला. मग परीक्षा.

आमच्या अंगणात पाण्याचा हौद होता. मामंजी खुर्ची टाकून बसले, सासूबाई हातातलं लाटणं घेऊन दारात. मी तिन्ही तुकडे जोडून नऊ फुटी राम हौदात सोडला, बुंधा खाली. तो आत गेला, हलला, आणि थांबला. अर्धा आत, अर्धा बाहेर, जरासा तिरपा, शेंडा भिंतीला टेकलेला.

"तरला! तरला!" मी टाळ्या वाजवल्या.

सासूबाई निरखून म्हणाल्या, "उभा का आहे तो? पोहणारा माणूस आडवा असतो."

"आई, हा मासे धरायचा रॉड आहे, माणूस नाही."

"ते मला दिसतंय."

मामंजींनी चष्मा पुसला, रामाकडे बघितलं, हौदाकडे बघितलं, परत रामाकडे बघितलं. "हं," म्हणाले. आणि मग, जणू काही तो 'हं' दुसऱ्याच कुणी म्हटला, "सोमवारच्या गाडीने निघू."

मला वाटलं विज्ञानाचा विजय झाला.

माझ्या जाण्याची बाब सासूबाईंनी निकालात काढली. "तूच डोक्यात भरवलंस, तूच जा त्यांच्याबरोबर. गुडघ्याचं तेल दोन वेळा लावायचं. आणि डब्यातला हिंग माशांना घालू देऊ नकोस." कारण मामंजी गळाला कणकेची गोळी लावायचे, हिंग मिसळून. दर वर्षी हिंग कमी व्हायचा आणि दर वर्षी त्यावर भांडण व्हायचं.

कालाकुंडपर्यंत

मीटरगेजची गाडी. महूला एक गृहस्थ आमच्या डब्यात चढले आणि कापडी पिशवीतला राम बघून आक्रसून बसले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "बंदूक है क्या?"

मामंजी म्हणाले, "नहीं, राम हैं."

त्यानंतर ते गृहस्थ पुढच्या स्टेशनपर्यंत हात जोडूनच बसले होते.

पाताळपाणीनंतर गाडी घाट उतरते आणि मालवा एकदम संपतो. वर काळी सपाट जमीन, गहू, थंड हवा. खाली उतरावं तसं सागाचं सुकलेलं जंगल आणि कानाशी ऊन. मी कोकणातली, मला घाट म्हणजे हिरवा हे माहीत. हा घाट तळाशी करपलेल्या दुधासारखा पिवळा-तपकिरी होता. कालाकुंडला गाडी थांबली की पळसाच्या पानात कलाकंद विकायला येतो, दाणेदार, धुराचा जरा वास असलेला. मी दोन पानं खाल्ली. मामंजींनी अर्धं खाऊन उरलेलं मला दिलं. म्हणजे अडीच. हे सासूबाईंना कधीच कळलं नाही, कारण मामंजी खरंच कमी बोलायचे.

बडवाह

डाकबंगल्यात सामान टाकलं आणि टांग्याने नदीवर. नर्मदा मी पहिल्यांदाच पाहत होते. मनात म्हटलं, नदी ती नदी, समुद्र पाहिलेल्या बाईला काय तिचं. पण माघातलं ते पाणी इतकं नितळ होतं की काठाजवळ उभं राहून तळाचे गोटे मोजावेत. पंधरावीस पावलांवर मात्र ते हिरवं व्हायचं, आणखी पुढे काळं. समुद्र आरडाओरडा करतो. ही बाई गप्प होती. गप्प बायकांना मी तेव्हापासून भिते.

केवटाचं नाव गेंदाजी. पन्नाशीचे, दोरीसारखे. त्यांची बायको सुगनबाई, पायात चांदीच्या कड्या, तोंडात सगळे दात आणि प्रत्येक दात बोलणारा. तिने मामंजींना वाकून नमस्कार केला आणि मग माझ्या हातातला राम पाहिला.

"बई, यो काई छे? रामजी खs फेटो बांध्यो?"

"बुचं आहेत," मी ऐटीत म्हटलं. "पाण्यात पडला तर डूबेगा नहीं."

तिने बुंधा हातात घेतला, तोलला, चकरीला टिचकी मारली. "डूबेगा."

"हमने घर में देखा है. हौद में."

"हौद में!" सुगनबाई गेंदाजींकडे वळली. "सुन्यो? हौद में!" आणि दोघं असे हसले की काठावरचे बगळे उठले.

मग ती झोपडीत गेली आणि एक तुमडी घेऊन आली. तुमडी म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा. हा नारळापेक्षा थोडा मोठा, उन्हाने काळपटलेला, त्याच्या मानेला लांब दोरी गुंडाळलेली. केवट लोक जाळ्याच्या वजनाला आणि पाण्यात टाकलेल्या दगडाच्या लंगराला अशी तुमडी बांधतात.

"ये बांध लो."

"हिने काठी तरेल?"

"नी. काठी डूबेगी. तुमडी नी डूबेगी. दोरी लंबी छे. काठी नीचे बैठी रहे, तुमडी ऊपर सी बतावे कि वहाँ बैठी है."

आता माझं त्या वेळचं डोकं बघा. मला ती युक्ती कळली नाही असं नाही. कळली, आणि म्हणूनच राग आला. बुडूच द्यायचं, फक्त बुडताना पत्ता ठेवून बुडायचं, ही काय युक्ती झाली? आणि विलायतेहून आलेल्या काठीला भिक्षेकऱ्याचा भोपळा! मी म्हटलं, "नको. शोभत नाही."

सुगनबाईने खांदे उडवले. मामंजी म्हणाले, "सूनबाई नको म्हणतात तर राहू दे." तुमडी त्यांनी हातात घेतली होती, ती परत द्यायची राहिली. मी लक्ष दिलं नाही. मला नदीकडे बघायचं होतं.

संध्याकाळी सुगनबाईने पानिये खाऊ घातले: मक्याच्या पिठाचे जाड गोळे पळसाच्या दोन पानांत दाबून गोवरीच्या निखाऱ्यावर भाजलेले, वर तूप आणि लाल मिरचीचा ठेचा. आणि तिच्या जाळ्यातला मासा, लसूण-चिंचेच्या रश्श्यात. मी नाक मुरडलं. नदीचा मासा म्हणजे चिखल, असं आमच्या अलिबागेत प्रत्येकजण न खाता सांगू शकतो. पहिला घास घेतला. मग तिसरी वाटी घेतली.

मामंजी मात्र खात नव्हते. तेव्हा कळलं की चाळीस वर्षांत त्यांनी नर्मदेचा एकही मासा खाल्लेला नाही. धरायचा, ओल्या पंच्यावर ठेवायचा, टेपाने मोजायचा, परत सोडायचा.

"मग धरायचा कशाला?" मी, मासेखाऊ मुलखातली, खरंच हादरले होते.

"किती मोठा आहे ते कळायला नको?"

ओव्हरसियर, दुसरं काय!

डोह, पहिला दिवस

डोंगी म्हणजे एका झाडाच्या खोडात कोरलेली लांब काठवटच. रुंदी इतकी की दोन मांड्या बसल्या की संपली. आम्ही रांगेत: पुढे मी, मधे मामंजी, मागे गेंदाजी बांबू घेऊन. सुगनबाईने मला आधीच कासोटा घालायला लावला होता. "पाँचवारी में डूबेगी तो सीधी डूबेगी," असं तिचं म्हणणं. पहिल्या दहा मिनिटांत मी तीनदा 'आई गं' म्हटलं आणि गेंदाजींनी तीनदा सांगितलं की नाव उलटायची असेल तरच हलायचं.

घाटापासून, देवळापासून लांब, वरच्या बाजूला दोन खडकांमधे डोह होता. घाटाजवळ कुणी गळ टाकत नाही. तिथले मासे कणकेच्या गोळ्या खाऊन गाईसारखे माणसाळलेले असतात आणि लोक त्यांना नमस्कार करतात. आमच्या अलिबागेत असं मासे पूजणारं कुणी निघालं असतं तर दुसऱ्या दिवशी उपाशी मेलं असतं.

मामंजींनी गळ टाकण्याआधी एक विचित्र गोष्ट केली. दोरीला दगड बांधून पाण्यात सोडला, वर ओढला, भिजलेली दोरी हाताने मोजली. "चौदा हात," म्हणाले.

"कशाला हवं?" मी विचारलं.

"सवय."

म्हातारपणी माणसं कायकाय करतात, असं मला वाटलं. माझी वय मोजण्याची पद्धत तेव्हा फार उदार होती. मामंजी त्रेसष्टचे होते.

दिवसभर एकही मासा लागला नाही. मी कंटाळले असं लिहायला हवं, पण खरं सांगते, नाही कंटाळले. बघायला इतकं होतं. एक किंगफिशर सारखा एकाच फांदीवरून उडी मारायचा आणि दर वेळी रिकामा परत यायचा, तरी त्याची ऐट कमी होत नव्हती. पलीकडच्या काठाने परकम्मावासी चालले होते, नर्मदेला उजवीकडे ठेवून, हातात काठी, खांद्यावर झोळी. समुद्राला कुणी प्रदक्षिणा घालत नाही. मी गेंदाजींना तसं म्हटलं.

"समुंदर किसकी माँ है?" ते म्हणाले.

मग त्यांनी मला नियम सांगितला. मैयात जे पडलं ते मैयाचं. पैसा टाकला, नारळ टाकला, ओटी सोडली, की संपलं; आणि चुकून पडलं तरी तेच. हातातून सुटलेलं भांडं, बोटातली अंगठी, काही असो. "दिया हुआ वापस नी माँगते." आदल्या वर्षी लक्ष्मण पडला तेव्हा म्हणूनच ते पाण्यात उतरले नव्हते. गेंदाजी उत्तम बुडी मारायचे, पण मारली नाही, आणि मामंजींनीही मार म्हटलं नाही.

मी रामाच्या पायजम्याच्या फेट्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "आता तो प्रश्नच येणार नाही."

मामंजी दगडाची दोरी गुंडाळून ठेवत होते.

डोह, दुसरा दिवस

सकाळी डाकबंगल्याच्या पायरीवर मी चहा पीत होते तेव्हा मामंजी आत रामाशी काहीतरी करत बसले होते. गोळी मळत असतील, म्हणून मी हिंगाची डबी लपवायला धावले. उशीर झाला होता. डबी अर्धी झाली होती.

डोंगीत त्यांनी गुडघ्यांवर घोंगडी पांघरली. वारा नव्हता, पण गुडघ्याला थंडी बाधते म्हणाले.

दुपार कलताना मासा लागला. बाडस. तिकडे मोठ्या खवल्यांच्या त्या ताकदवान माशाला बाडस म्हणतात. चकरी किंचाळली, काठी वाकली, डोंगी स्वतःभोवती हळूच फिरली. मामंजींचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता: ओठ घट्ट, डोळे शाळेतल्या पोरासारखे. मासा ओढायचा, ते दोरा सोडायचे. मासा दमायचा, ते गुंडाळायचे. कितीतरी वेळ हे चाललं. आणि मग त्यांचा गुडघा अडकला. दुखणारी मांडी सरळ करायची तर दोन्ही हात हवे.

"सूनबाई, जरा धर. घट्ट. पायाचं बघतो."

मी अंग वळवून राम हातात घेतला. पुढची तीन पळं मला आजही हातात आठवतात. माशाने एकच हिसका दिला. डोंगी डावीकडे कलली. आणि पोहता न येणाऱ्या बाईने जे केलं असतं तेच मी केलं: दोन्ही हातांनी डोंगीची कड पकडली.

दोन्ही.

राम पाण्यात.

आणि बघा माझा आत्मविश्वास! कड धरून, डोळे मिटून मी ओरडत होते, "घाबरू नका मामंजी, तरेल! तरेल!"

डोळे उघडले. पायजम्याचा फेटा पाण्याखाली हातभर दिसत होता. बुंधा खाली, शेंडा वर, अगदी हौदात होता तसाच उभा. क्षणभर वाटलं, थांबला. पण हौदात तो जिथे थांबला होता तिथे इथे काहीच नव्हतं. तो उभ्याउभ्याच खाली जात राहिला, घाई न करता, जिना उतरणाऱ्या माणसासारखा. आधी फेटा हिरवा झाला, मग काळा. शेवटी शेंडा नमस्कार केल्यासारखा वाकला आणि गेला.

तेव्हा, त्या क्षणी, मला हौद आठवला. हौदाला तळ होता. माझा राम हौदात तरलाच नव्हता; तळाला पाय टेकून उभा होता. सासूबाईंनी विचारलेला प्रश्न सत्तावीस बुचांपेक्षा शहाणा होता.

गेंदाजींनी हात जोडले. "मैया ने रख लिया."

"गेंदाजी, बुडी मारा ना! माझ्यासाठी. मी पाया पडते तुमच्या."

"बई, दिया हुआ..."

"मी दिला नाही! माझ्या हातून सुटला!"

मला रडू फुटलं. माहेरी जाण्याची प्रतिज्ञा आठवून नव्हे, ती कोण खरी मानतं. रिकामी पिशवी आठवून. ह्या माणसाने खुंटीवरून काढायला नको म्हटलेली गोष्ट मी काढायला लावली होती. मागे वळून बघायची हिंमत होत नव्हती.

"रडू नकोस," मामंजी म्हणाले. "डोंगी हलते. उजवीकडे बघ."

उजवीकडे, तीन-चार हातांवर, सुगनबाईची तुमडी डुलत होती.

मामंजींनी घोंगडी बाजूला सारली. खाली पायाशी वेटोळं करून ठेवलेल्या दोरीचा पत्ता नव्हता. सगळी उलगडून पाण्यात गेली होती, तिच्यामागून त्यांनी तुमडीही सोडून दिली होती. दोरीचं दुसरं टोक त्यांनी सकाळी रामाच्या बुंध्याला बांधलं होतं, माझ्या फेट्याच्या आत. त्या गबाळ्या फेट्यात एक दोरी जास्त आहे हे मला दिसणारच नव्हतं.

"डोह चौदा हात," ते म्हणाले, "दोरी वीस हात. गेंदाजी, आता काय म्हणते तुमची मैया?"

गेंदाजींनी बांबूने तुमडी जराशी ढोसून पाहिली. इतक्या वर्षांच्या ओळखीपेक्षा नियम मोठा होता, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग म्हणाले, "जाळ्याचा दगड रोज पाण्यात टाकतो, रोज काढतो. तो दिलेला नसतो. बँधा हुआ है तो दिया कहाँ?" आणि बांबूने डोंगी तुमडीकडे नेली.

दोरी मी ओढली. मामंजी म्हणाले, तूच ओढ. हात सोलवटले. आधी फेटा आला, फुगलेला, पाणी गाळत. मग पितळेची चकरी, वाळू भरलेली. मग तुकड्यातुकड्याने राम. मासा अर्थातच गेला होता. गळावर एक खवला अडकला होता, रुपयाएवढा. मामंजींनी खिशातून टेप काढून तो खवला मोजला.

"मासा मोठा होता," म्हणाले, आणि चकरी धुवायला घेतली.

मी नाक पुसून विचारलं, "मामंजी, तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"की तो तरत नाही."

"हौदापाशी. साडेचार फुटी हौद आणि नऊ फुटी काठी. तो हौद मीच बांधलाय."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

त्यांनी चकरीतली वाळू फुंकली, कणकेची नवी गोळी घेतली, गळाला लावली. हिंगाचा वास आला.

"बोललो असतो तर तुझ्या सासूने सामान बांधू दिलं असतं?" ते म्हणाले. "तू इतक्या खात्रीने सांगत होतीस. मला तेवढंच हवं होतं."

आणि त्यांनी गळ पुन्हा डोहात टाकला. ह्या वेळी तुमडी उघड्यावर होती, माझ्या मांडीवर.

परत छत्रीबाग

बुचांचा फेटा मी सुगनबाईला दिला. त्यातली बुचं ती बाटल्यांना लावणार होती. बुचाचं काम बाटलीला, असं तिने मला समजावून सांगितलं. तुमडीच्या बदल्यात काय देऊ विचारलं तर म्हणाली, "हौद दिखाने ले चलना कभी." जन्मभर तिला ते पुरलं. दर माघात भेटली की पहिला प्रश्न, "हौद कैसो छे, बई?"

हो, दर माघात. मामंजी त्यानंतर आणखी चार माघ नर्मदेवर गेले. गुडघ्यासाठी डोंगीत मागे टेकायला पाट घातला. तुमडी मी बांधायची, गाठ ते तपासायचे.

पण त्या पहिल्या दिवशी टांगा दाराशी थांबला तेव्हा सासूबाई ओसरीवरच उभ्या होत्या. त्यांनी आधी पिशवी बघितली. भरलेली आहे हे पाहून त्यांचा खांदा जरा खाली आला, हे मी पाहिलं. त्यांनाही ती खुंटी रिकामी नको होती. मग त्यांची नजर माझ्या काखेतल्या भोपळ्यावर गेली, तिथून माझ्या सोललेल्या तळहातांवर, तिथून मामंजींच्या तोंडावर.

"तरला का तुमचा राम?"

मामंजी पायऱ्या चढत होते, एकेक, गुडघा सांभाळत. "तरला," म्हणाले.

"आडवा की उभा?"

मामंजींनी माझ्याकडे बघितलं, मी मामंजींकडे. वर्षभरात मी त्यांना मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं, ते तेव्हा ऐकलं.

सासूबाई आम्हा दोघांना तसंच हसत सोडून आत गेल्या आणि हिंगाची डबी उघडून बघायला लागल्या.